द्वारकाबाईंचा दुसरा पेन

“माझी चप्पल घालून जा, छत्री ने, हवं तर चुलीवरचं दूध पिऊन जा. पण पेन मागू नको.”

द्वारकाबाई हे आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगत, आणि हसून सांगत नसत. गावात नवा आलेला तलाठी, पोस्टाची पिशवी घेऊन येणारा माणूस, सत्यनारायणाला आलेले भटजी, सगळ्यांनी हे वाक्य ऐकलेलं. गावाला ते पाठ झालं होतं. कुणी कुणाचा बैल मागायला गेलं आणि द्यायचा नसला, तर मालक म्हणायचा, “हा द्वारकाबाईचा पेन हाय, बाप्पा.” संपलं. मागणारा समजून परत जायचा.

शिक्षिकेवर लिहायचं म्हटलं की आपल्याकडचे लोक ताबडतोब समई लावतात. त्यागमूर्ती, ज्ञानदीप, मातृहृदयी. या शब्दांचा मला मनस्वी तिटकारा आहे. द्वारकाबाई त्यागमूर्ती नव्हत्या. सकाळचा पहिला चहा घेतल्याशिवाय त्या कुणाशी धड बोलत नसत. लबाडी दिसली की त्यांची जीभ विळ्यासारखी चाले. आणि आपल्या पेनावर त्यांचा असा जीव होता की मंदिरातला पुजारीही देवाला तितकं जपणार नाही.

आमचं गाव बीबीच्या बाजारगावापासून गाडीवाटेनं आत, मधे एक नाला. शाळा चौथीपर्यंत. ती एका खोलीत भरायची आणि बाई दुसऱ्या खोलीत राहायच्या. मूळच्या त्या मलकापूरकडच्या. नवरा होता की नव्हता, का नव्हता, हे गावानं पहिल्या महिन्यातच विचारून पाहिलं. बाईंनी उत्तर दिलं, “मी इथे शिकवायला आले आहे, सोयरीक जमवायला नाही.” पुन्हा कुणी विचारलं नाही.

पेन हिरवा होता. जुन्या औषधाच्या बाटलीसारखा काळपट हिरवा. टोपणाची पट्टी कधीच तुटलेली, त्यामुळे तो कुठे अडकवता येत नसे. बाई तो चष्म्याच्या डबीत ठेवत. चष्मा नाकावर आणि पेन डबीत. दर बाजाराच्या दिवशी सकाळी त्या पितळी वाटीत कोमट पाणी घेऊन त्याला न्हाऊ घालत. निब वेगळी, खालची काळी जीभ वेगळी. मग जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीवर सगळं मांडून ठेवत आणि ते वाळेपर्यंत बाहेर ओट्यावर बसत. त्या वेळात कुणी भेटायला गेलं तर खुशाल गप्पा मारत. मात्र आत डोकावायची कुणाची बिशाद नव्हती.

इतकी वर्षं एका हातात राहून त्या निबेची एक बाजू झिजली होती. बाई पेन तिरका धरत आणि अक्षर काढताना मनगट कागदावरून उचलत नसत. त्या हातात तो पेन बिनआवाज चालायचा. अक्षर मोठं नाही, नटवं नाही, पण असं की त्याच्यापुढे खोटं बोलायची लाज वाटावी. दुसऱ्याच्या हातात तोच पेन एक तर कागद ओरबाडायचा, नाही तर मुका बसायचा. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी शेरा लिहायला म्हणून एकदा सहज हात पुढे केला. बाईंनी त्यांच्यापुढे शाईची दौत सरकवली आणि टाक ठेवला.

“तो पेन चालत नाही का?” साहेबांनी विचारलं.

“चालतो ना. पण तो माझ्याकडे झुकलेला आहे. तुमचा शेरा वाकडा यायचा.”

साहेबांनी टाकानंच शेरा लिहिला. चांगला लिहिला, हेही सांगितलं पाहिजे.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन रिकामा होतो. रिकामा म्हणजे गावाच्या भाषेत. माझ्या मते मला श्वास घ्यायला सवड नव्हती. आम्ही पोरांनी तरुण मंडळ काढलं होतं आणि मेहकरच्या एका छापखान्यातून पत्रकं काढत होतो. राज्य नवं होतं. कारभार आता आपल्या भाषेत होणार, रयतेचं बोलणं थेट सरकारच्या कानात जाणार, असं आम्ही गुलाबी कागदावर छापून बीबीच्या बाजारात वाटलं होतं. बाई मला ‘पुढारी’ म्हणत. “ये पुढारी, बस. आज कुणाला झोपेतून उठवलं?” मी नवं पत्रक त्यांच्यापुढे ठेवायचा. त्या हिरवा पेन काढायच्या आणि ‘जाहीर निषेध’ या शब्दांवर एकेक बारीक रेघ मारत जायच्या. शेवटी एकच निषेध उरायचा.

“हा एक राहू दे,” त्या म्हणायच्या. “पुरतो.”

आणि मी भडकून काही बोलू लागलो की, “शाई वाळू दे आधी.”

आता मुद्द्याचं. चौथीनंतर आमच्या गावची पोरं नाला ओलांडून बीबीला जायची. पोरी जायच्या नाहीत. नाल्याला पाणी असो नसो, जायच्या नाहीत. चौथी पास झालेली पोर दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन रानात दिसायची. बाईंच्या वर्गात त्या वर्षी पोरींचा एक गट असा होता की गणितात पोरांची दाणादाण उडवायचा. त्यात रंगूबाईंची सुली सगळ्यात पुढे. बाई तिच्याकडे बघत राहत. “जूनमध्ये ही निंदायला जाईल,” असं एकदाच म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

गावातच पाचवी उघडा, असा अर्ज आम्ही केला. मसुदा बाईंनी दुरुस्त केला, मी पोरींच्या आयांचे अंगठे घेतले. मागणी आयांची होती म्हणून अंगठे आयांचे. अर्ज तालुक्याच्या कचेरीत गेला आणि परत आला. तिथल्या साहेबांनी मला समोर उभं करून जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो: “अंगठ्याला काय अर्थ आहे हो? कोणाचाही, कशावरही घेता येतो. या बायांना आपण कशावर अंगठा देतोय हे तरी ठाऊक आहे का?”

मी गावात आलो ते पेटूनच. ज्या बायांच्या निंदणीवर, वेचणीवर हा सगळा तालुका जेवतो, त्यांच्या हाताला अर्थ नाही! पत्रकाचा मथळाही वाटेतच ठरला. बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, शाई वाळू दे.  लिहीत होत्या तो पेन त्यांनी हळूच टोपणात घातला, फिरवून घट्ट केला आणि म्हणाल्या, “अंगठा नको आहे ना त्यांना? नाही देत अंगठा.”

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. वैशाखात आमच्याकडे बाया सकाळपासून अंगणात कुरडया-पापड घालतात. रान रिकामं, त्यामुळे त्याच दिवसांत त्या घरी सापडतात. बाई रोज एकेका अंगणात जाऊन बसू लागल्या. आधी कोळशानं फरशीवर, मग ओल्या बोटानं पाटावर, मग पाटीवर. आपलं नाव, फक्त आपलं नाव. कुरडईचा चीक हातावर वाळलेला आणि त्याच हातानं ‘ग’ला काना. हसून हसून बायांची पुरेवाट. कुणी म्हणे, “माय व, माझं नाव एवढुसंच हाय?” कुणी म्हणे, “मास्तरीणबाई, हे माझं नाव हाय की मांजराचं शेपूट?”

पाटीवर जमलं. मग एक दिवस बाईंनी जे केलं ते पाहून मी जागच्या जागी थिजलो. त्यांनी चष्म्याची डबी उघडली, हिरवा पेन काढला आणि रंगूबाईंच्या हातात दिला.

रंगूबाई म्हणजे दणकट बाई. कुरडयांचा सोऱ्या गावात त्यांच्याएवढा कुणी दाबत नसे. त्यांनी पेन मुठीत धरला, खुरपं धरतात तसा, आणि दाबला.

“रंगूबाई, कुरडई नाही पाडायची!” मी ओरडलो.

उशीर झाला होता. निबेचे दोन्ही पाय फाकले, कागदाला भोक पडलं आणि शाईचा हा एवढा डाग.  रंगूबाईंनी पेन असा खाली ठेवला जसं काही तान्हं लेकरू हातून निसटलं.

बाईंचा चेहरा उतरला होता, पण त्या रागावल्या नाहीत. निब नखावर घेऊन हळूहळू दाबत त्यांनी ती जागेवर आणली, हाताच्या पाठीवर एक रेघ ओढून पाहिली. उमटली. तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

“बाई,” रंगूबाई खालमानेनं म्हणाल्या, “तुमचा पेन मले वळखत नाही.”

“खरं आहे,” बाई म्हणाल्या. “तो एका हाताच्या म्हशीसारखा आहे. दुसऱ्या हाताला दूध देत नाही. चूक तुझी नाही रंगू, माझी. याला जोड पाहिजे.”

ही बातमी गावभर झाली. बाई दुसरा पेन घेणार! तरुण मंडळात जोश संचारला. सोनेरी टोपणाचा, बारीक निबेचा, वर बाईंचं नाव कोरलेला असा पेन मंडळातर्फे समारंभपूर्वक अर्पण करायचा, असा आम्ही ठराव केला. बाईंनी ठराव ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “मला एक बारीक आहे. दुसरा बारीक कशाला? दोन जावयांना एकच पोरगी देता का?”

पेन घ्यायला बाई आणि मी मेहकरला निघालो, तेव्हा रंगूबाईंचे यजमान सोमाजी एस्टीच्या फाट्यावर भेटले. साधा, गमत्या शेतकरी माणूस. “बाई, जोड पाहाले जाऊन राह्यल्या म्हणे? एक शिकवून ठेवतो मी. पहिला बैल तापट असन तं दुसरा थंडा पाहा. दोन तापट जुपले की गाडी खड्ड्यात.”

“आणि उंची?” बाईंनी विचारलं.

“उंची बरोबरीची. नाही तं जू एकीकडे कलते.”

बाईंनी मान हलवली. मला वाटलं गंमत चालली आहे. पण त्या मेहकरपर्यंत एस्टीत जोडीचाच विचार करत होत्या, हे दुकानात कळलं.

दुकानदार शेठ गोड माणूस. त्यांनी काचेच्या कपाटातून मखमलीचा डबा काढला. “बाई, हा पाहा. एकदम फर्स्टक्लास. लोण्यावानी चालते.” बाईंनी सोनेरी टोपण बाजूला ठेवलं, निब नखावरून फिरवली, परत दिला. दुसरा. परत. तिसरा कानाशी धरून कागदावर ओढला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. शेठ माझ्याकडे पाहून म्हणाले, “काय हो भाऊ, बाई पेन घ्याले आल्या की म्हैस?”

“म्हैस घरी आहे,” बाई म्हणाल्या. “जाडा नाही का? अंगानं जाडा आणि निबेनंही जाडा. धरला की मूठ भरली पाहिजे.”

“जाडा कोण घेते हो बाई? हमालाच्या हातात शोभन तसा...”

“तोच दाखवा.”

शेठनी खालच्या फळीवरून धूळ झटकून एक तपकिरी पेन काढला. ओबडधोबड, लाटण्याच्या टोकासारखा, खुरप्याच्या मुठीएवढा. निब बोथट. मला तर बघून रागच आला. मंडळाच्या ठरावाचा हा अपमान होता. बाईंनी शाई भरून घेतली आणि स्वतः एक अक्षरही काढलं नाही. त्या दुकानाच्या पायरीवर आल्या. समोर एक माळीणबाई मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती.

“ए माय, जरा इकडे ये. एक रेघ ओढून दाखव.”

“म्या? अन् कायले?”

“पेन पाहायचा आहे.”

“मंग तुमी पाहा ना. मले कुठी लिहिता येते?”

“मला येतं, म्हणूनच मला तो कळणार नाही. ओढ.”

माळीणबाईनं लुगड्याला हात पुसले, पेन मुठीत धरला आणि जीव खाऊन रेघ ओढली. निब फाकली नाही. कागद फाटला नाही. रेघ उमटली, बोटभर रुंद नसली तरी नांगराच्या तासासारखी ठसठशीत. माळीणबाई स्वतःच्याच रेघेकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, “अजून एक ओढू का?”

बाईंनी तिला पूर्ण पान भरू दिलं. शेठ डोक्याला हात लावून बसले. शेवटी पेन बांधताना त्यांनी विचारलं, “नाव कोरून देतो. कोणाचं टाकू?”

“कोणाचंच नको,” बाई म्हणाल्या.

आता वाटेल की इथे काम फत्ते. तपकिरी पेन आला, बायांच्या मुठीत बसला, नावं उमटू लागली. रंगू. गंगू. सखू. कासाबाई. मी नव्या अर्जाचा कागद पुढे केला आणि म्हणालो, “आता पूर्ण सही करा. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव.”

सगळ्यांनी पेन खाली ठेवला. पेन एकच होता, पण मला वाटलं सगळ्यांनी ठेवला.

माझ्या पत्रकांत या अडचणीचा कुठे उल्लेख नव्हता. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. त्यानं त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. रंगूबाईंच्या यजमानांचं नाव सोमाजी, तर त्या सोमवारलासुद्धा सोमवार म्हणत नसत, ‘महादेवाचा वार’ म्हणत. मी चिडलो. म्हटलं, “हे तोंडानं घ्यायचं नाही, लिहायचं आहे. आणि उखाण्यात घेता की!”

“उखाणा हळदीकुंकवाले असते, भाऊ,” रंगूबाई म्हणाल्या. “कचेरीत काय उखाणा घेऊ? साहेबाले सुपारी देऊ का?”

बाया खो खो हसल्या. मी माघार घेतली. पण नुसतं ‘रंगू’ लिहून भागणार नव्हतं. गावात तीन रंगू. कचेरी विचारणारच, कोणती रंगू?

बाईंनी चष्म्याची डबी उघडली. मग हिरवा पेन काढून त्या रंगूबाईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या. रंगूबाईंनी तपकिरी पेनानं लिहिलं: रंगू. बाईंनी हिरव्या पेनानं पुढे लिहिलं: सोमाजी जाधव. एकाच ओळीत एक जाड अक्षर, एक बारीक. मग दुसरी बाई आली. मग तिसरी. कागद भरत गेला. बाई मुद्दाम सावकाश लिहीत आणि बाया त्यांच्या निबेमागे आपलं बोट मांडीवर फिरवत. तो कागद मी आजही डोळ्यांपुढे आणू शकतो. जोड जुळली होती. उंची बरोबरीची, चाल वेगळी.

कचेरीत या वेळी मी एकटा गेलो नाही. बाई आल्या, बाया आल्या, गाडीत बसून गाणी म्हणत आल्या. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला.

“प्रत्येक ओळीत दोन हस्ताक्षरं? हे काय आहे? अर्ध्या सह्या बनावट दिसतात. नामंजूर.”

माझ्या छातीत भाषण तयार होतं. पहिलं वाक्य ओठावर आलं होतं. बाईंनी मान न वळवता म्हटलं, “शाई वाळू दे.” मग त्यांनी तपकिरी पेन साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि एक कोरा कागद.

“रंगूबाई.”

रंगूबाई पुढे झाल्या. पेन मुठीत धरला, लिहिलं: रंगू. थांबल्या.

“हं. पुढे?” साहेब खुर्चीत मागे रेलले. “मला वाटलंच.”

कचेरीतले दोघे-तिघे कारकून मान वर करून बघत होते.  रंगूबाईंनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, मुद्दाम. मदत मागायची वाट त्यांनी बंद करून टाकली होती. गावी आपली सुली पाटी पुढे घेऊन बसली आहे आणि घराच्या कोपऱ्यात तिच्या मापाचं खुरपं तयार आहे, हे रंगूबाईंना सांगायची गरज नव्हती.

रंगूबाईंनी डोक्यावरचा पदर ओढला आणि दातात घट्ट धरला. तोंड बंद. मग हात चालू लागला. सो. मा. जी. एकेक अक्षर वखर ओढावा तसं. मग आडनाव. मग पेन उलटा धरून साहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि पदर दातातून सोडला.

त्यांच्यामागच्या बाईनं आधीच पदर दातात धरला होता. तिच्या मागचीनंही.

साहेबांनी ती रांग शेवटपर्यंत पाहिली. अर्जावर शिक्का पडला. शेवटी बाईंकडे बघून त्यांनी एवढंच म्हटलं, “तुम्ही नोकरीत आहात, हे तुमच्या लक्षात आहे ना?”

“पगाराच्या दिवशी असतं,” बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर रंगूबाईंनी सगळ्यांना विचारलं, “म्या तोंडातून काढलं का? कोणी आयकलं का?” कुणीच ऐकलं नव्हतं. “मंग,” रंगूबाई म्हणाल्या आणि गाडीत चढल्या. गावी सोमाजी वाट बघत होते. त्यांना आधीच कुणी तरी सांगितलं होतं. नाव लिहिल्याबद्दल बोलतील, अशी मला धास्ती होती. ते म्हणाले, “कसं लिहिलं व? मले दाखव तं.” त्यांना वाचता येत नव्हतं. रंगूबाईंनी चिंचेखालच्या धुळीत बोटानं काढून दाखवलं. सोमाजी बराच वेळ बघत राहिले. “एवढं लंबं हाय?” म्हणाले. त्या दिवशी गावातल्या गाड्या त्या धुळीला वळसा घालून गेल्या.

जूनमध्ये पाचवी उघडली. सुली बसली. आणि दिवाळीच्या आत द्वारकाबाईंच्या बदलीचा हुकूम आला: देऊळघाट. बुलढाण्याजवळ, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. मी दोन्ही कागद बाईंपुढे आपटले आणि म्हणालो, हा सूड आहे, याच्यावर पत्रक काढलंच पाहिजे. बाईंनी पाचवीचा हुकूम आणि बदलीचा हुकूम शेजारी शेजारी ठेवून चष्म्यातून बघितलं.

“दोन्हींवर सही एकाच पेनाची आहे. बारीक निब, शाई कंजूष,” त्या म्हणाल्या. “पत्रक काढ. पण बदलीवर नको काढू. सहावीवर काढ.”

निघायच्या दिवशी बाया फाट्यापर्यंत आल्या. रंगूबाईंनी तपकिरी पेन चिंधीत गुंडाळून आणला होता. पावसाळाभर तो त्यांच्याकडेच होता. बाया त्यांच्या ओट्यावर जमून लिहीत आणि सगळ्यात जास्त रंगूबाईच. आता नुसतं नाव नव्हे, सुलीच्या पुस्तकातले धडेच्या धडे उतरवून काढत. बाईंनी पेन उघडला, हाताच्या पाठीवर रेघ ओढली. खर्रकन् ओरखडा उठला.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “हा तर मला ओळखत नाही.”

रंगूबाई घाबरल्या. “मोडला का?”

“मोडला कशानं? तुझ्याकडे झुकला.” बाईंनी टोपण लावलं आणि पेन त्यांच्या मुठीत परत दिला. “ठेव. आणि कोणी मागितला तर काय सांगायचं ठाऊक आहे ना?”

रंगूबाईंनी नाक ओढलं आणि आख्ख्या फाट्याला ऐकू जाईल असं सांगितलं, “माही चप्पल घालून जाय!”

एस्टी हसण्याच्या गलक्यात सुटली.

त्यानंतर मी द्वारकाबाईंना एकदाच पाहिलं. सहावीच्या अर्जासाठी बुलढाण्याला गेलो होतो. परतीच्या एस्टीत खिडकीपाशी बसलो होतो, गाडी सुटण्याच्या बेतात. दसरा होऊन गेलेला, रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्याच टोपल्या. समोरच्या दुकानाच्या पायरीवर एक बाई उभी होती. हातात चष्म्याची डबी, उघडी. आतून काळपट हिरवं काही तरी दिसत होतं. आत दुकानदार कपाळाला हात लावून बसला होता आणि त्याच्यापुढे उघडी टोपणं विखुरलेली होती. बाईंच्या दुसऱ्या हातात एक जाडा, ओबडधोबड, काळा पेन.

मी हाक मारणार होतो. पण त्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी थांबवत होत्या. डोक्यावर सीताफळांची टोपली घेतलेली एक म्हातारी.

“ए माय, टोपली ठेव खाली. एक रेघ ओढून दाखव.”

“मले नाही येत व बाई लिहिता.”

“म्हणून तर तुला बोलावलं.”

गाडी हलली. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिलो. म्हातारीनं टोपली उतरवून पायरीवर ठेवली, लुगड्याला हात पुसले, आधी तळवे, मग पाठी, आणि मूठ पुढे केली.